निबंधात चूक एकही नाही, तरी शेरा ‘वरवरचे’च: ढोबळपणाची दुरुस्ती

तक्रार साधारण अशी असते. शुद्धलेखन ठीक आहे, मुद्दे सगळे आलेत, प्रस्तावना आहे, समारोप आहे, शब्दमर्यादा पाळली आहे. तरी गुण मधल्या पट्ट्यातच अडकलेत आणि समासात कुणीतरी ‘वरवरचे’ किंवा ‘नेमके लिहा’ असं खरडून सोडून दिलंय. पुढचा निबंध जीव ओतून लिहिला, तरी शेरा तोच.

मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे मराठीतले निबंध तपासतो, त्यामुळे पुढची उदाहरणं त्याच मुलुखातली आहेत. दहावी-बारावीच्या निबंधालाही हाच आजार होतो, फक्त तिथे तो खपून जातो. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत दोन निबंध असतात, प्रत्येकी १२५ गुणांचे, हजार ते बाराशे शब्दांचे. अभ्यासक्रमात स्पष्ट म्हटलंय की परिणामकारक आणि नेमक्या मांडणीला श्रेय मिळेल. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५पासून वर्णनात्मक झाली आणि तिथेही निबंधाला २५० गुण आले. वर्षानुवर्षं पर्यायांवर गोल करत आलेल्या मुलांना आता पानंच्या पानं लिहायची आहेत, त्यामुळे हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त कानावर येतो.

आधी लक्षण नीट बघू. खालचा परिच्छेद मी नमुन्यासाठी जुळवलाय, पण प्रत्येक वाक्य तुमच्या ओळखीचं निघेल:

‘आजच्या आधुनिक युगात दुष्काळ ही एक भीषण समस्या बनली आहे. निसर्गाच्या लहरीपणामुळे व मानवाच्या हव्यासामुळे पाण्याचे प्रमाण दिवसेंदिवस कमी होत चालले आहे. शेतकरी हवालदिल झाला आहे. शासनाकडून विविध योजना राबवल्या जात आहेत, परंतु त्यांची प्रभावी अंमलबजावणी होताना दिसत नाही. जनजागृती करणे ही काळाची गरज आहे.’

यात खोटं काय आहे? काहीच नाही. म्हणूनच लिहिणाऱ्याला दोष दिसत नाही.

तपासणी

परिच्छेदातला विषयाचा शब्द काढा आणि दुसरा घाला. ‘दुष्काळ’ऐवजी ‘प्रदूषण’, ‘पाणी’ऐवजी ‘शुद्ध हवा’, ‘शेतकरी’ऐवजी ‘सामान्य नागरिक’. वाक्य जसंच्या तसं उभं राहिलं, तर ते दुष्काळाबद्दल नव्हतंच. वरच्या पाचपैकी पाचही वाक्यं ही अदलाबदल हसत पचवतात. स्वतःच्या जुन्या निबंधाची दोन पानं घ्या आणि जी वाक्यं अशी पचवतात त्यांच्याखाली पेन्सिलने रेघ मारत चला. निम्म्याहून जास्त पानावर रेघा दिसल्या, तर दुखणं तुमच्या भाषेत नाही, दाव्यात आहे. तुम्ही नेमकं काय म्हणताय ते लिहायच्या आधी ठरलेलंच नाही.

न चालणारे उपाय

हे आधीच सांगतो, कारण बहुतेकांनी यातले दोन-तीन करून पाहिलेले असतात.

भारदस्त शब्द. ‘भीषण’च्या जागी ‘विदारक’, ‘समस्या’च्या जागी ‘आव्हान’, ‘खूप’च्या जागी ‘प्रचंड प्रमाणात’. शब्द बदलले, दावा तेवढाच भोंगळ राहिला. उलट तपासणाऱ्याला वाटतं, याला सांगायचं काही नाही म्हणून हा सजवतोय.

सुविचार आणि ओव्या-अभंगांची पेरणी. एखादा अभंग चपखल बसला तर सोनं. पण ‘वृक्षवल्ली’ पर्यावरणाच्या प्रत्येक निबंधात येते, आणि ती तुमच्या मुद्द्यासाठी आली की जागा भरायला, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आकडे कोंबणं. हा उपाय क्लासमध्ये फार सांगतात. आकडा नेमका असतो, वाक्य मात्र त्याने आपोआप नेमकं होत नाही. ‘ऑक्टोबर २०१८मध्ये राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, यावरून समस्येची भीषणता लक्षात येते’ या वाक्यातला आकडा खरा आहे, पण नुसता टांगलेला आहे. २०२३मध्ये सरकारने आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि बाकीच्या अनेक महसुली मंडळांसाठी (तालुक्याहून लहान भागांसाठी) ‘दुष्काळसदृश’ हा वेगळा शब्द वापरला. हे दोन्ही शेजारी ठेवलं की प्रश्न निघतो: दुष्काळ ठरवतं कोण, कशाच्या मापाने, आणि ‘सदृश’ लागल्याने गावाच्या पदरात काय कमी पडतं? आता आकडा कामाला लागला.

पहिली दुरुस्ती: कर्ता हजर करा

मराठीत कर्त्याशिवाय वाक्य फार सुखाने चालतं. ‘योजना राबवल्या जातात’, ‘लक्ष दिले गेले पाहिजे’, ‘उपाययोजना व्हायला हव्यात’. शासकीय परिपत्रकात या रचनेची एक सोय असते: काम कुणावरच पडत नाही. निबंधात तीच रचना तुम्हाला विचार करण्यापासून सूट देते. म्हणून पहिल्या फेरीत फक्त एवढंच करा. ज्या वाक्यात ‘जाते’, ‘पाहिजे’, ‘हवे’, ‘गरज आहे’ असेल तिथे ‘कुणी?’ असं समासात लिहा आणि उत्तर द्या.

उत्तर ‘शासनाने’ असं आलं, तर तपासणी संपलेली नाही. कोणतं शासन? उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं. दुष्काळ राज्य सरकार जाहीर करतं. टँकर मंजूर करायचे अधिकार महसूल अधिकाऱ्यांकडे असतात. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटेल हे जलसंपदा विभाग आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. रोजगार हमीतून गावात कोणतं काम घ्यायचं हे ग्रामसभेपुढे यायला हवं असतं. या सगळ्यांना ‘शासन’ म्हणणं म्हणजे तलाठ्यापासून अर्थमंत्र्यापर्यंत सगळ्यांना एकाच नावाने हाक मारणं.

एक वाक्य जवळून बघू. मूळ वाक्य: ‘पाण्याचे समन्यायी वाटप झाले पाहिजे.’ कुणी करायचं? राज्यात यासाठी २००५चा कायदा आहे आणि त्यातून उभं राहिलेलं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे. कोणात वाटायचं? गोदावरी खोऱ्यात वरच्या बाजूला नाशिक-नगरची धरणं आहेत, खाली जायकवाडी. मग वाक्य असं होतं: ‘समन्यायी वाटपाचा कायदा राज्याने २००५मध्ये केला, पण कमी पावसाच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की नाशिक-नगर आणि मराठवाडा पुन्हा समोरासमोर उभे राहतात. म्हणजे नियमाचा अभाव हे आता कारण उरलेले नाही. स्वतःच्या शेताला पाणी हवे असताना तो नियम मान्य करणे अवघड जाते आहे.’ वाक्य लांबलं, हे खरं. पण मूळ वाक्याला कुणी ‘नाही’ म्हणूच शकत नव्हतं, याला म्हणू शकतो. ज्या वाक्याशी वाद घालता येत नाही त्याला निबंधात शक्यतो जागा देऊ नका.

दुसरी दुरुस्ती: दाव्याला कुंपण घाला

‘सर्व’, ‘प्रत्येक’, ‘कधीच’, ‘नेहमी’, ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘आजपर्यंत’. हे शब्द सापडले की थांबा.

स्त्रीशिक्षणावरच्या जवळजवळ प्रत्येक निबंधात ‘सावित्रीबाई फुले यांनी भारतातील मुलींची पहिली शाळा सुरू केली’ हे वाक्य येतं. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२०च्या दशकातच मुलींसाठी शाळा काढली होती. इतिहास माहीत असलेला परीक्षक इथेच अडखळतो. आता याची दुरुस्ती करताना मुलं घाबरून ‘पहिल्यांपैकी एक’ असं गुळमुळीत लिहितात. त्याने दावा नुसता लहान होतो. त्यापेक्षा असं लिहा: ‘१८४८मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. मुलींच्या शाळा त्याआधी मिशनऱ्यांनी चालवल्या होत्या. इथे मात्र शाळा काढणारे याच समाजातले होते, आणि फळ्यासमोर माळी समाजातली एक तरुण स्त्री शिक्षिका म्हणून उभी होती.’ कुंपण घातल्यावर दावा मोठा झाला की नाही बघा. ‘पहिली’ हा नुसता क्रमांक होता. कुणाचा रोष कशावर होता हे नव्या वाक्यातून कळतं.

काळाचंही तसंच. ‘आजच्या आधुनिक युगात’ आणि ‘पूर्वीच्या काळी’ हे दोन शब्दप्रयोग निबंधातून हद्दपार केले तरी कुणाचं काही बिघडणार नाही. पूर्वी म्हणजे कधी? दुष्काळाच्याच विषयात याचं उत्तर सगळा निबंध बदलून टाकतं. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं सांगतात, तेव्हा खायला धान्य नव्हतं पण विहिरीला पाणी होतं. आता बाजारात धान्य असतं आणि हंडा रिकामा असतो. दोन्हीला आपण दुष्काळच म्हणतो. एवढा एक फरक पकडला, तर वरचा नमुन्याचा परिच्छेद असा लिहिता येतो:

‘१९७२च्या दुष्काळात खेड्यात धान्य नव्हते, पण अनेक विहिरींना पाणी होते, असे त्या पिढीतली माणसे सांगतात. एप्रिल २०१६मध्ये लातूरच्या बाजारात धान्य होते. पिण्याचे पाणी मात्र मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. पहिल्या दुष्काळात माणसांना काम हवे होते. ते रोजगार हमीने दिले आणि १९७७मध्ये राज्याने त्याचा कायदा केला. दुसऱ्या दुष्काळाला मजुरी हे उत्तर नाही. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण आटण्याआधी त्यातले पाणी कोणी, कोणत्या पिकासाठी, कोणत्या क्रमाने घेतले, हा तिथला प्रश्न आहे.’

भारदस्त शब्द एकही नाही. विषयाची अदलाबदल करून पाहा, एकही वाक्य टिकत नाही. आणि पुढच्या परिच्छेदात काय यायला हवं हेही आपसूक ठरलंय.

तिसरी दुरुस्ती: ‘दुसरी बाजू’ म्हणजे बारकावा नव्हे

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

‘निबंधात समतोल हवा’ हे ऐकून मुलं फायदे आणि तोटे असे दोन ढीग करतात आणि शेवटी ‘सुवर्णमध्य साधला पाहिजे’ म्हणून मोकळी होतात. ऊस शेतकऱ्याला पैसा देतो, परंतु ऊस पाणी जास्त घेतो, म्हणून योग्य नियोजन हवे. हा समतोल नव्हे. दोन ढोबळ वाक्यं समोरासमोर ठेवली म्हणून त्यातून बारीक वाक्य तयार होत नाही.

बारकावा यायचा तर ‘पण’च्या ऐवजी ‘कधी’, ‘कुणासाठी’ आणि ‘कुठपर्यंत’ विचारा. मराठवाड्यातला शेतकरी पाणी कमी असताना ऊस का लावतो? हव्यासाने, असं लिहिणं सोपं आहे. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो, म्हणजे अख्खा उन्हाळा त्याला पाणी पुरवावं लागतं. तरी तो लावला जातो, कारण उसाला किमान दर कायद्याने ठरलेला आहे आणि तो घेणारा कारखाना ठरलेला आहे. सोयाबीन आणि तुरीलाही हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने माल घेणारं माणूस आडतीवर भेटेलच असं नाही. उसाचं बिल उशिरा मिळतं, कधी थकतं, हेही खरं. म्हणजे पाण्याच्या दृष्टीने जे चूक, ते घरखर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचं असू शकतं. आता वाक्य लिहा: ‘विहिरीला पाणी आहे तोवर एकेका शेतकऱ्यासाठी ऊस हा सर्वांत कमी जोखमीचा निर्णय असतो, सगळ्या शिवाराने तोच निर्णय घेतला की तो सर्वांत जोखमीचा ठरतो.’ यात ‘परंतु’ नाही, ‘सुवर्णमध्य’ नाही. दोन्ही गोष्टी कुठल्या अटीवर खऱ्या आहेत ते आहे. आणि उपायही नेमका निघतो: शेतकऱ्याचं प्रबोधन करण्याआधी तुरीच्या खरेदीची खात्री द्या.

याच जागी मराठीतली छोटी अव्ययं हाताशी ठेवा: ‘मात्र’, ‘निदान’, ‘तरी’, ‘देखील’ आणि शब्दाला चिकटणारा ‘च’. ‘शेतकऱ्याने पाणी जपून वापरावे’ आणि ‘शेतकऱ्यानेच पाणी जपून वापरावे’ यात आरोपाचं अंतर आहे. ‘निदान पिण्यापुरते पाणी राखून ठेवता आले असते’ या वाक्यातला ‘निदान’ पूर्ण परिच्छेदाचं काम करतो. बोलताना आपण हे सगळे अचूक वापरतो. निबंध लिहायला बसलं की ते गळून पडतात आणि त्यांच्या जागी ‘मोठ्या प्रमाणात’ येऊन बसतं.

विषय अमूर्त असेल तर

‘स्वातंत्र्य आणि जबाबदारी’ छापाच्या विषयात आकडे नाहीत, योजना नाहीत, मग नेमकेपणा कुठून आणायचा? फरक करून. स्वातंत्र्य नाही म्हणजे परवानगी नाही, की परवानगी आहे पण ऐपत नाही, की दोन्ही आहे पण धाडस होत नाही? तालुक्याच्या कॉलेजात शिकायला मुलीला कायद्याने आडकाठी नाही, वडिलांचीही नाही. शेवटची एसटी मात्र प्रॅक्टिकल सुटायच्या आधी निघते. या दोन वाक्यांनी ‘औपचारिक आणि वास्तविक स्वातंत्र्य यांत तफावत आहे’ या वाक्याचं काम जास्त चांगलं होतं. आणि हवंच असेल तर ते वाक्य त्यानंतर लिहा, आधी नको.

दुरुस्तीचे दुष्परिणाम

दोन दिसतात. पहिला: नेमकं लिहायच्या भीतीने प्रत्येक वाक्याला ‘काही अंशी’, ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘असे म्हणता येईल’ चिकटतं. असं झालं तर परिच्छेदातला मुख्य दावा कोणता ते ठरवा आणि त्याच्यावरचे सगळे टेकू काढा. शंका असेल तर ती एकदाच आणि स्पष्ट सांगा: कुठल्या परिस्थितीत माझं म्हणणं चुकेल.

दुसरा: वेळ. तीन तासांत दोन निबंध, म्हणजे एकाला दीड तास. प्रत्येक वाक्य घासत बसलात तर दुसरा निबंध अर्धा राहील. सगळ्या वाक्यांना सारखी धार लागत नाही आणि लागूही नये. जोडणारी, वळण घेणारी वाक्यं साधीच राहू द्या. परिच्छेदातलं पहिलं दाव्याचं वाक्य आणि त्याचं उदाहरण, एवढं मात्र सैल सोडू नका. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं कच्च्या आराखड्यात ‘मुद्दा: जलसंधारण’ असं नाव लिहिण्याऐवजी पूर्ण वाक्य लिहा: जलसंधारणाबद्दल मी काय म्हणणार आहे? आराखड्यात क्रियापद आलं की निम्मा ढोबळपणा तिथेच गळतो.

दुरुस्त केलं तरी पुन्हा उद्भवतंय

त्याचं कारण बहुतेक वेळा वाचनात सापडतं. दिवसभर नोट्स आणि ‘मुद्द्यांची यादी’ वाचली, की संध्याकाळी पेनातून तेच उतरणार. गाईडमधला निबंध सगळ्यांना चालावा म्हणूनच लिहिलेला असतो, त्यामुळे तो ढोबळ असणारच. ‘मुद्दे वाढवा’ हा शिक्षकांचा शेराही याला खतपाणी घालतो. बाराशे शब्दांत चौदा मुद्दे आले की एकेकाच्या वाट्याला ऐंशी-पंच्याऐंशी शब्द येतात, आणि तेवढ्यात ‘भीषण समस्या’ एवढंच लिहून होतं. चार-पाच मुद्दे घ्या. बाकीचे सोडल्याचं वाईट वाटू देऊ नका.

तपासणाऱ्यांना एक विनंती. ‘नेमके लिहा’ हा शेराही ढोबळच आहे. त्याऐवजी वाक्याशेजारी ‘कुणी?’, ‘कधीपासून?’, ‘सगळेच?’, ‘नाहीतर काय झालं असतं?’ यातला एक प्रश्न टाका. पानाला तीन पुरेत. मुलगा किंवा मुलगी पूर्ण निबंध पुन्हा लिहायला बसणार नाही, पण तीन वाक्यं नक्की दुरुस्त करेल, आणि सवय तेवढ्यानेच लागते.

हे सगळं करूनही ‘कुणी?’, ‘किती?’ या प्रश्नांपुढे पेन अडतच असेल, तर दोष लेखनात शोधू नका. विषय माहीत नाही, एवढंच. त्यावर लिहून उपाय नाही. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते आणि मराठीतही असते. आपल्या जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं. त्यातलं सिंचनाचं किंवा शिक्षणाचं एकच प्रकरण घ्या, आपल्या तालुक्याची ओळ शेजारच्या तालुक्याशी ताडून पाहा, आणि फरक का पडला असेल यावर दीडशे शब्द लिहा. पुढच्या निबंधाला त्यानंतर हात घाला.